बिनडागाचा जोड

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात, गल्लीत आणि लातूरच्या एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा सांगता सांगता माझा आवाज चढला तर मनावर घेऊ नका. गोष्टच तशी आहे. एका शब्दापायी आमची अख्खी शेड उचलून पुण्याला जायला निघाली होती. तो शब्द इंग्रजी असता तर मी काही बोलले नसते. पण तो चांगला मराठी शब्द होता, आणि दोन्हीकडून बोलणारी माणसंही मराठीच होती.

आमच्या शेडमध्ये ऑपरेशनचे चिमटे बनतात. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात ना, पोटाला करंगळी जाईल एवढीच भोकं पाडून आतलं काम करायचं, त्याचे. एक लांब नळी, तिच्या या टोकाला कात्रीसारखी मूठ आणि त्या टोकाला दोन इवलेसे जबडे. डॉक्टरांनी बाहेर मूठ दाबली की आत पोटात जबडा मिटतो. नळी आणि मूठ दुसरीकडून तयार येतात. आमच्याकडे जबडा जोडायचा. दोन जबडे एकमेकांवर ठेवायचे, त्यांच्या भोकातून पिन ओवायची आणि पिनेची दोन्ही टोकं लेझरनं पक्की करायची. पिन केवढी? तिळाचे उभे चार तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढी. शिंक यायला लागली तर हातातलं काम झाकून ठेवायचं आणि शेडच्या बाहेर जाऊन शिंकायचं, असा आमच्याकडे नियम आहे. तो मीच केला आहे.

मी पंचशीला. भिंगाखाली माल तपासणं, धुणं, पॅक करणं आणि उरलेल्या वेळात ओरडणं ही माझी कामं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला तेव्हा लातुरात मला टायपिंगच्या क्लासात शिकवायची जागा मिळत होती, नाहीतर मोबाईलच्या दुकानात. दोन्ही करून पाहिलं. नवरा एसटीत कंडक्टर, लातूर डेपोला. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्या दुष्काळाच्या वर्षी ते घराबाहेर फारसे पडत नसत. मी जे शिकले त्याचं काम आणि तेही माझ्या गावात मिळायला मला फार वाट पाहावी लागली होती. सकाळी भिंगाचा दिवा लावला की मला दर वेळी बरं वाटायचं. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही, पण खरं आहे.

लेझरवर बसायचे नरसिंगभाऊ. मूळचे उदगीरचे. तिथल्या बाजारात त्यांचं भांड्यांना डाग लावायचं दुकान होतं. डाग म्हणजे, घागर फुटली, कळशी गळायला लागली की झाळून जोड द्यायचा तो. प्लास्टिकच्या घागरी आल्या आणि दुकान बसलं. मग त्यांनी लेझरचं काम शिकून घेतलं, पण शब्द जुनाच ठेवला. मी ‘वेल्ड’ म्हणायची, ते ‘डाग’ म्हणायचे, आणि दोघांना दोघांचं कळायचं. हात चांगला होता, यात वाद नाही. पण त्या हाताचं कौतुक करायला त्यांना दुसऱ्या कुणाची गरज पडत नसे.

“ताई, अख्ख्या मराठवाड्यात असा डाग देणारा दुसरा दाखवा. मी हे काम सोडून उदगीरला जातो.”

उदगीरला ते तसेही सारखे जायचे. उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून तिथं जी कृती समिती होती, तिचे ते सभासद. त्या वर्षी नवीन जिल्ह्यांची हवा फारच जोरात होती. धरणं, बंद, निवेदन, जे असेल त्याला नरसिंगभाऊंची रजा ठरलेली. आमचे मालक अमृतराव वैतागून म्हणायचे, “दिवसभर इथं जोडतोस आणि रजा घेऊन जिल्हा तोडायला जातोस.”

“तोडायलो न्हाई साहेब. सुट्टा करायलो,” नरसिंगभाऊ म्हणायचे. “लातूर उस्मानाबादेतून सुट्टं झालं तवा तुम्हीच पेढे खाल्ले की.”

अमृतराव पुण्यात वीस-बावीस वर्षं नोकरी करून परत आलेले. माणूस सज्जन, पण पुण्याहून कुणी काही म्हणालं की मान आधी हलायची आणि विचार नंतर यायचा.

त्या साली लातुरात पाणी नव्हतं. नव्हतं म्हणजे नव्हतंच. रेल्वेनं पाणी येणार अशी चर्चा सुरू होती. नळाची वाट पाहणं लोकांनी सोडलं होतं, टँकरची वाट पाहत होते. अशा वेळी घागर गळते म्हणजे काय, हे तुम्हाला लातूरच्या बाईलाच विचारावं लागेल. आमच्या शेडवर पाटी होती, ‘सूक्ष्म जोडकाम’. लोकांनी ‘सूक्ष्म’ सोडलं आणि ‘जोडकाम’ तेवढं वाचलं. माळ्यावरच्या पितळी घागरी खाली उतरल्या, आणि जिची गळायची ती बाई घागर घेऊन आमच्या दारात.

पहिली आली ती मागच्या वस्तीतली धुरपताबाई.

“नरसिंगा, एवढा डाग लावून दे बाबा. टँकरपासून घरापर्यंत येईस्तोवर अर्धी रिकामी हुती.”

नरसिंगभाऊंनी जेवणाच्या सुट्टीत गॅसची बत्ती पेटवून डाग लावून दिला. दुसऱ्या दिवशी दारात घागरींची रांग. ऑपरेशनच्या चिमट्यांच्या कारखान्यात आत जायला मला घागरींतून वाट काढावी लागायची. मी ओरडले की बायका घागर उचलून जागा द्यायच्या आणि मी आत गेले की परत ठेवायच्या.

त्यात आमच्या लेझरला थंड ठेवायला पाणी लागायचं, तेही डिस्टिल्ड. त्याचे कॅन यायचे. मी एकदा मशीनमध्ये कॅन ओतत असताना धुरपताबाईनं दारातून पाहिलं.

“मशीनला बिसलेरी अन् आमाला टँकर!” ती म्हणाली. ते दुपारपर्यंत वस्तीभर झालं. संध्याकाळी दोन पुढारी चौकशीला आले. अमृतरावांनी त्यांना चहा दिला, त्यालाही पाणी लागलं.

त्याच आठवड्यात अमृतरावांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. “हे असं चालणार नाही. पुण्याच्या कंपनीची मोठी ऑर्डर येऊ घातली आहे. सँपल पास झाले तर मी इथंच राहतो, टँकर लावीन, कॅन आणीन, काय लागेल ते करीन. नाही झाले तर ट्रक बोलावतो. मशीन चाकणला. तिकडं निदान नळाला पाणी आहे.”

नरसिंगभाऊ म्हणाले, “पास झालं समजा.” माझा नवरा लातूर डेपोचा, पोरगी लातूरच्या शाळेत, आणि चाकणला मी काय एकटी जाऊन राहणार होते? मशीन गेली की माझा भिंगाचा दिवा विझला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग पुण्याच्या मॅडम आल्या. कंपनीच्या गुणवत्तेच्या मुख्य. तरुण, नीटनेटक्या, आणि बोलायला फार गोड. मी त्यांचं सगळं बोलणं ऐकायला आत हवी होते, पण तेवढ्यात टँकर आला. टँकरवाल्याचा पाइप गळका, पाणी आमच्या टाकीपेक्षा रस्त्यावर जास्त. मी त्याला जे बोलायचं ते बोलत होते. आत जे झालं ते नंतर मॅडम आणि नरसिंगभाऊ, दोघांकडून मला अक्षरशः कळलं, आणि दोघांचंही तंतोतंत जुळलं. हेच तर दुर्दैव.

मॅडमनी जबडा भिंगाखाली धरला. पिनेच्या टोकाभोवती लेझरच्या उष्णतेनं तपकिरी-निळसर कडं उमटतं. त्याला पुण्यात डाग म्हणतात.

“नरसिंगजी, काम सुंदर आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण पिनेवर हा डाग आहे ना, तो मला अजिबात नकोय. पुढच्या सँपलमध्ये एकही डाग दिसता कामा नये.”

“एकबी न्हाई?” नरसिंगभाऊंनी विचारलं.

“एकही नाही.”

“मॅडम, मग जोड टिकंल कसा?”

“उलट डागामुळेच जोड खराब होतो. निर्जंतुक करायला वाफेत ठेवला की तिथूनच गंज धरतो.”

“डागामुळं? जोड खराब?”

“हो. तुमच्यासारख्या कारागिराला डाग टाळणं अवघड नाही.”

“होईल मॅडम,” अमृतराव म्हणाले. त्यांची मान केव्हाच हलली होती.

मी टँकरवाल्याला आटोपून आत आले तेव्हा मॅडमची गाडी निघाली होती आणि नरसिंगभाऊ स्टुलावर बसून छताकडे बघत होते. हयातभर लोकांना डाग देत आलेल्या माणसाला कुणीतरी येऊन सांगितलं होतं की तुझ्या डागामुळेच सगळं बिघडतं.

“ताई, त्या म्हनल्या, डाग नको.”

मी स्वतःच त्या तपकिरी कड्यांवर कितीदा कुरकुर केली होती. शब्द मॅडमचा, म्हणून माझ्या डोक्यातही कडंच आलं. मी म्हणाले, “बरोबरच आहे त्यांचं.”

“तुमच्या पुस्तकात बिनडागाचा जोड असतो का?”

“असतो की. चांगला कारागीर असला की जमतो.”

झालं. नरसिंगभाऊ उठले, लेझरच्या खोलीत गेले आणि काळा पडदा ओढून घेतला. त्या खोलीत काम चालू असताना कुणी जायचं नाही असा दंडक, डोळे जायची भीती. पुढचे काही दिवस आतून टुक टुक आवाज यायचा. मला वाटलं, साहेब रागावतील म्हणून भाऊ आत लपून घागरी ठोकताहेत. धुरपताबाईसाठी चाललं असेल, म्हणून मी एरवी ओरडले असते ती ओरडले नाही. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन उतरेना, तेव्हा अमृतराव खूश होऊन म्हणाले, “बघा, नीट वापरलं की पाणी वाचतं.”

सँपल बाहेर आले ते काय सांगू! पिनेचं टोक कुठं संपतं आणि जबडा कुठं सुरू होतो ते कळू नये. तपकिरी कडं औषधाला नाही. घासून एकजीव केलेलं टोक आतून वितळवलेलं आहे की नुसतंच आहे, हे भिंगाला दिसत नाही. मी प्रत्येकाला वजन टांगून पाहिलं, सगळ्यांनी धरलं. मी त्या दिवशी नरसिंगभाऊंना शेडमध्ये सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी कुणाला शाबासकी दिल्याचं तिथं कुणाच्या स्मरणात नव्हतं.

“हिकमत लागती, ताई,” ते म्हणाले.

सँपलची परीक्षा नांदेडला होती. तिथल्या एका खासगी दवाखान्यात नव्या सर्जनना दुर्बिणीची ऑपरेशनं शिकवायचा हॉल आहे. मॅडम पुण्याहून थेट तिथं येणार होत्या. आम्ही तिघं अमृतरावांच्या गाडीतून निघालो. चाकूरपर्यंत नरसिंगभाऊ उदगीर जिल्ह्याचं मुख्यालय कुठं असावं ते सांगत होते, लोह्यापर्यंत त्यांनी कलेक्टरच्या बंगल्याची जागाही नक्की केली.

परीक्षा घेणार होते डॉ. श्रीमंत. भोकरकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव, वय साठीकडे झुकलेलं, नांदेडात या कामातलं मोठं नाव. हॉलमध्ये टेबलावर एक डबा ठेवलेला. डब्याला वरून भोकं, आत कॅमेरा, समोर पडदा. हा डबा म्हणजे पेशंटचं पोट. आणि पोटात डॉक्टरांनी एक हिरवं द्राक्ष ठेवलं.

“द्राक्ष सोलायचं,” ते आम्हाला म्हणाले. “गराला धक्का न लावता. चिमटा चांगला असला तर द्राक्षाला कळतसुद्धा नाही.”

भोकांतून आमचे दोन चिमटे आत गेले. पडद्यावर आमचा जबडा हातभर मोठा दिसत होता. तो उघडला, मिटला, द्राक्षाची साल अलगद धरली आणि ओढली. हॉलमधले तरुण डॉक्टर वाकून बघत होते. उघड, मीट, ओढ. उघड, मीट, ओढ. मॅडम हळूच म्हणाल्या, “वा, एकही डाग नाही.” नरसिंगभाऊंची छाती इतकी पुढं आली की मला पडदा दिसेना.

शेवटची साल निघाली. डॉक्टरांनी डब्याचं झाकण उघडलं, सोललेलं द्राक्ष दोन बोटांत घेतलं, सगळ्यांना दाखवलं आणि तोंडात टाकलं.

“सर!” एक तरुण डॉक्टर म्हणाला.

“अरे, दुष्काळात फळ वाया घालवायचं नसतं,” डॉक्टर म्हणाले. “बिचारं कुणाच्या तरी शेवटच्या पाण्यावर वाढलेलं.”

मग त्यांनी दुसरं द्राक्ष ठेवलं, चिमटा आत घातला आणि मूठ दाबली. जबडा मिटला नाही. पडद्यावर त्याचा एक अर्धा बिजागरी तुटलेल्या दारासारखा लोंबत होता. डॉक्टरांनी चिमटा बाहेर काढला, तसा तो अर्धा टेबलावर टुणकन पडला. मॅडमनी भिंग लावून पाहिलं. पिनेचं भोक रिकामं होतं.

“पिनेचा वेल्ड सुटला कसा?” मॅडमनी विचारलं.

नरसिंगभाऊंनी शांतपणे उत्तर दिलं, “सुटायला दिला कुठं हुता?”

“म्हणजे?”

“तुम्हीच म्हनला नव्हं, डाग नको? म्हनून डाग दिलाच न्हाई. पिनेची टोकं हातोडीनं ठोकून फुगीवली अन् घासून टाकली. बिनडागाचा जोड.”

अमृतराव आधी मॅडमकडे पाहून मान हलवत होते, मग नरसिंगभाऊंकडे पाहून हलवायला लागले. शेवटी डॉक्टरांनीच उलगडा केला. ते हसत हसत खुर्चीत बसले. “अहो मॅडम, आमच्याकडे डाग म्हणजे वेल्ड! माझी आई गळकी घागर घेऊन डाग लावायला जायची. तुम्ही ह्यांना सांगितलंत, जोडू नका. आणि ह्यांनी नाही जोडलं!”

सगळा हॉल हसला. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मला काहीतरी आठवलं.

“पिन कुठं आहे?” मी विचारलं.

पिन सापडल्याशिवाय कुणी हलायचं नाही, असा ऑपरेशनच्या खोलीतला कायदा असतो. आत गेलेली प्रत्येक वस्तू बाहेर आली पाहिजे. सगळे कामाला लागले. डबा उलटा केला, टेबल पुसलं, सालं पांढऱ्या कागदावर पसरून एकेक तपासली. मॅडम साडीचा पदर खोचून गुडघ्यांवर. अमृतराव टेबलाखाली. मी जमिनीला गाल लावून तिरप्या नजरेनं फरशी बघत होते, कारण बारीक पिन तशीच चमकते. तरुण डॉक्टर चपला हातात घेऊन तळवे तपासत होते. नाही ती नाहीच.

नरसिंगभाऊ मात्र उभेच होते. ते डॉक्टरांकडे बघत होते.

“डॉक्टरसाहेब, पहिलं द्राक्ष तुम्ही खाल्लं.”

डॉक्टरांनी जीभ दातांवरून फिरवली, थोडं आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, “एक्स-रे काढू.”

एक्स-रे खालच्याच मजल्यावर होता. जाताना अर्धा दवाखाना मागे आला. फोटो निघाला. डॉक्टरांच्या पोटात, बरगड्यांच्या खाली, आमची पिन होती. इतकी स्वच्छ आणि सरळ दिसत होती की नरसिंगभाऊंच्या तोंडून निघून गेलं, “बघा, घासली कशी हाय!” मी त्यांच्या पायावर पाय दिला.

“घाबरायचं कारण नाही,” डॉक्टर म्हणाले. “एवढीशी आहे, उद्या-परवा आपली आपण निघून जाईल.” मग ते नरसिंगभाऊंकडे वळले. आता ते हसत नव्हते. “पण भाऊ, मी ती गिळली म्हणून निघेल. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या पोटात पडली असती तर ती आतड्यांच्या बाहेर, कुठल्यातरी घडीत जाऊन बसली असती. आणि तिळाहून बारीक पिन शोधायला मला त्या माणसाचं अख्खं पोट फाडावं लागलं असतं. जे फाडावं लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप, तेच.”

नरसिंगभाऊंचा चेहरा उतरला. इतके दिवस मला मशीन जाईल, नोकरी जाईल, एवढंच दिसत होतं. भिंगाच्या पलीकडे कुणाचं तरी पोट आहे, धुरपताबाईसारखी कुणीतरी टेबलावर निजलेली आहे, हे मी रोज म्हणायची, पण खरं सांगते, ते मला त्या एक्स-रेच्या काचेसमोर पहिल्यांदा दिसलं. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला.

अमृतरावांनी खिशातून फोन काढला. ट्रकवाल्याला लावणार हे मला कळलं. मॅडम म्हणाल्या, “थांबा. वाक्य माझं होतं. पुण्यात मी हेच वाक्य रोज बोलते आणि कुणी असं केलेलं नाही, पण म्हणून ते वाक्य बरोबर होतं असं नाही. महिनाभरात पुन्हा सँपल आणा. पुन्हा इथंच. या वेळी पडले तर मात्र माझ्या हातात काही नाही.”

“आणि बघणार मीच,” डॉक्टर पोटावर हात ठेवून म्हणाले. “आता मी या कामात आतून गुंतलोय.”

परतीच्या वाटेवर नरसिंगभाऊ उदगीरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. चाकूर जवळ आल्यावर म्हणाले, “ताई, घागरीचा डाग सुटला तर पानी गळतं. मला तेवढंच ठावं हुतं.”

ओरडण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं, ते मी लातूरसाठी राखून ठेवलं.

शेडमध्ये परत आल्यावर पहिला नियम मी केला. ‘डाग’ हा शब्द बंद. लेझरनं करायचा तो वेल्ड, तपकिरी उमटतं ते कडं. जो डाग म्हणेल त्यानं शेडच्या टाकीत एक घागर पाणी आणून ओतायचं. त्या उन्हाळ्यात यापेक्षा मोठी शिक्षा लातुरात नव्हती. पहिल्याच दिवशी नरसिंगभाऊंनी दोन घागरी भरल्या, अमृतरावांनी एक. धुरपताबाई दारात येऊन म्हणाली, “नरसिंगा, डाग लावून दे रे.” मी तिला नियम सांगितला. ती म्हणाली, “मग घागरीला काय लावू, हळद?” तिला माफी दिली.

खरं काम वेगळंच होतं. कडं उमटू नये म्हणून पिनेवर आर्गॉन नावाच्या गॅसचा झोत धरायचा, लेझरचा ठोका हलका करायचा, आणि तरी जोड आतपर्यंत वितळला पाहिजे. झोत कमी पडला की कडं, ठोका कमी पडला की जोड कच्चा. नरसिंगभाऊ पडदा उघडा ठेवून, मला काळा चष्मा देऊन, शेजारी बसवून काम करायला लागले. जमलेला एकेक जोड आम्ही मधोमध कापून आत काय आहे ते भिंगाखाली बघायचो. कापला की भाऊ कळवळायचे. आणि नुसतं वजन टांगणं मी बंद केलं. जेवणानंतर आम्ही सगळे ओळीनं बसून चिमटे उघड-मीट करायचो, हात भरून येईपर्यंत. घागर घेऊन आलेल्या बायकांनाही मी एकेक चिमटा देऊन बसवलं. डाग लागेपर्यंत त्या उघड-मीट करत गप्पा मारायच्या. धुरपताबाईनं तर असा दाबला की मला वाटलं सुनेची मान आहे. जबडा हलला नाही.

पाण्याची रेल्वे लातुरात आली त्या सुमारास आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. अमृतरावांनी ट्रकवाल्याला दुसऱ्या दिवशीची वेळ देऊन ठेवली होती. हे त्यांनी मला गाडीत सांगितलं, आणि बरं केलं, कारण नंतर कळलं असतं तर मी गाडीतून उतरले असते.

हॉल भरलेला होता. पोटात पिन घेऊन दोन दिवस राउंड घेणाऱ्या डॉक्टरांची गोष्ट नांदेडभर झाली होती. द्राक्षांचा हंगाम सरलेला, त्यामुळे या वेळी काळी द्राक्षं होती, जाड सालीची. डॉक्टर सोलायला बसले. साल जाड म्हणून त्यांनी जोर लावला. ओढलं, पिळलं, जबडा वाकडा धरून खेचलं. एक सोललं, दुसरं सोललं, तिसरं सोललं. नरसिंगभाऊ या वेळी माझ्या मागे उभे होते आणि त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

मॅडमनी जबडा भिंगाखाली धरला. या चिमट्याची पिन जागेवर होती, दुसरा अजून डब्यातच होता. कडं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी शेवटचं सोललेलं द्राक्ष बशीत ठेवून आमच्यापुढे धरलं. “मागच्या वेळी मी खाल्लं. आज मी खाणार नाही. ज्यांनी हे बनवलं त्यांनी खावं. मग मी सांगेन पास की नापास.”

अमृतराव नरसिंगभाऊंकडे बघायला लागले. नरसिंगभाऊंनी घसा साफ केला.

“आज गुरुवार. माझा उपास हाय.”

“उपासाला द्राक्ष चालतं,” डॉक्टर म्हणाले.

“चालतं. पन... ” त्यांनी बशीला हात लावला नाही. बढाई मारणारा तो माणूस खरोखर घाबरला होता, आणि पिन गिळायला नव्हे. ती पिन तिथं असेल, याला घाबरला होता.

मला राग आला. एकेक जबडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. कापून पाहिला होता, धुऊन पाहिला होता, वस्तीतल्या बायकांकडून दाबून घेतला होता. आता अजून काय राहिलं होतं? मी बशीतलं द्राक्ष उचललं, तोंडात टाकलं आणि सगळ्यांच्या देखत चावलं.

कट्ट.

दाताखाली काहीतरी कडक आलं. तो आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला. मॅडमनी डोळे मिटले. अमृतरावांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. नरसिंगभाऊ मागून म्हणाले, “ताई, गिळू नका. माझ्या हातावर थुंका.” त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ माझ्या तोंडापुढे धरली.

मी त्यांच्या ओंजळीत थुंकले. सगळे वाकले.

द्राक्षाची बी होती. माझ्या दातानं तिचे दोन तुकडे झाले होते. नरसिंगभाऊंनी ते तुकडे बोटानं उलटेपालटे करून पाहिले, मग मूठ मिटली आणि भर हॉलमध्ये, एवढ्या डॉक्टरांच्या समोर, हुंदके देऊन रडायला लागले.

डॉक्टरांच्या तोंडून ‘पास’ निघेपर्यंत अमृतराव फोन कानाला लावून दाराकडे निघाले होते. ते दारातून ओरडून सांगत होते, “येऊ नको म्हणालो! अरे ट्रक नको, टँकर असेल तर बोल!”